पंचनाम्यात तिचे नाव कुठे?

युद्धाची छायाचित्रे आता आपल्या सरावाची झाली आहेत. युक्रेन असो, गाझा असो, सुदान असो, चित्र बहुधा एकच असते. मागे पडलेली भिंत, पुढे एक बाई, कडेवर पोर आणि डोक्यावर बोचके. रविवारच्या सकाळी चहा घेता घेता आपण ते पाहतो, हळहळतो आणि पान उलटतो. त्या हळहळण्यात खोटे काही नसते. पण त्या बोचक्यात काय असेल, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. चार भांडी, कपडे, पोराचे औषध, असलाच तर एखादा दागिना. आणि कागद? ते पडलेले घर माझे होते, ती जमीन मी कसत होते, बेपत्ता झालेला माणूस माझा नवरा होता, असे सांगणारा एखादा कागद तिच्यापाशी असतो का? बहुतेक वेळा नसतो. असलाच तर त्यावर नाव दुसऱ्या कुणाचे असते.

युद्धातल्या आणि आपत्तीतल्या स्त्रियांच्या हक्कांविषयी बोलणे निघाले, की ते अत्याचारांपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. त्यात नवल नाही. १९७१ साली पूर्व बंगालात जे घडले ते आपल्या पिढीने वर्तमानपत्रांत वाचले आहे. रवांडातल्या हत्याकांडाच्या खटल्यात १९९८ साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने बलात्कार हे वंशसंहाराचे हत्यार असू शकते असा निकाल दिला. त्यानंतर २००० च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १३२५ क्रमांकाचा ठराव करून युद्ध आणि शांतता या दोन्हींच्या विचारात बायकांना जागा द्या असे जगाला सांगितले. २०१८ चे शांततेचे नोबेल इराकमधल्या नादिया मुराद आणि काँगोतले डॉक्टर डेनिस मुक्वेगे यांना मिळाले. हे सगळे मोलाचे आहे. पण बंदुका थांबल्या की दुसऱ्या दिवसापासून त्या बाईला जगायचे असते. चूल पेटवायची असते, पोरांना शाळेत घालायचे असते. तेव्हा तिचे नाव कुठल्या यादीत आहे आणि कुठल्या यादीत नाही, यावर तिचे पुढचे सगळे आयुष्य ठरते. माझे आजचे बोलणे या यादीविषयी आहे.

रवांडाचेच पाहा. १९९४ साली तिथे शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली. उरलेल्या घरांत बायकाच जास्त उरल्या. शेते होती, कसणाऱ्या बाया होत्या, पण वडिलांच्या जमिनीवर मुलीचा वारसा तिथली रूढी मानत नव्हती. नवरा गेला, बाप गेला, भाऊ गेले, आणि जमीन चुलत्याची! १९९९ साली त्या देशाने कायदा करून मुलींना मुलांच्या बरोबरीने वारसा दिला. पुढे २००८ साली तिथल्या लोकप्रतिनिधिगृहात निम्म्याहून अधिक स्त्रिया निवडून आल्या, त्याचे जगभर कौतुक झाले. मला विचाराल तर कौतुक आधी त्या वारसाच्या कायद्याचे करायला हवे होते. संसदेत थोड्या बायका गेल्या. शेतावरून उठवले जाण्याचे भय किती जणींचे कमी झाले असेल!

आता कुणी म्हणेल, मिरजोळ्यात बसून रवांडाची उठाठेव कशाला? इथे युद्ध नाही. एका बाजूला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला विमानतळ, आणि रत्नागिरी शहर हाकेच्या अंतरावर. खरे आहे. पण गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्याने काय काय पाहिले ते आठवून बघा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि झोपलेली माणसे वाहून गेली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या केल्या. पुढच्या मे महिन्यात तौक्ते येऊन गेले. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले, आणि त्याच पावसात शेजारच्या महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. तोफा नव्हत्या इतकेच. बाकी पडलेली भिंत, कडेवरचे पोर आणि बोचके सगळे तेच होते.

आणि यादीही तीच. वादळ गेले की तलाठी येतो, ग्रामसेवक येतो, पंचनामा होतो. घर कुणाच्या नावावर? बाग कुणाची? सातबारा काढा. कोकणातला सातबारा म्हणजे काय चीज आहे ते ज्याने काढला आहे त्यालाच ठाऊक. गुंठ्यांत मोजावी अशी जमीन आणि नावे पंधरा-वीस. त्यातले निम्मे वारलेले, उरलेले मुंबईला, एखादा आखातात. त्या नारळ-पोफळींना पाणी कोण घालते, कलमांची राखण कोण करते, पावसाच्या आधी घराची कौले कोण चाळून घेते? जिचा नवरा लालबाग-परळच्या गिरणीत गेला आणि जिच्या सासूने मनीऑर्डरीची वाट बघण्यात जन्म काढला, ती. गिरण्या गेल्या, मनीऑर्डरी गेल्या, पैसे आता मोबाइलवर येतात. पण सातबाऱ्याच्या त्या लांबलचक रांगेत तिचे नाव बहुधा नसते. निसर्ग वादळानंतर मदतीसाठी सहहिस्सेदारांची संमतीपत्रे गोळा करता करता माणसे टेकीला आली. त्यात नवरा हयात नसलेली, मुले लहान असलेली बाई असेल तर तिने कुणाकुणाच्या दारात जायचे?

याच्या जोडीला आपल्याकडे हक्कसोडपत्र नावाचा एक गोड प्रकार आहे. बहीण माहेरी येते, पाटावर बसते, आणि उठताना सही करून जाते. 'भावाकडून काय घ्यायचे?' असे ती स्वतःच म्हणते, आणि म्हणताना तिला अभिमानही वाटतो. महाराष्ट्राने १९९४ साली, म्हणजे देशाच्या ११ वर्षे आधी, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. कायदा पुढे गेला आणि सही मागे राहिली. माहेरचा हक्क तिने सोडलेला, सासरचा तिच्या नावे लागलेला नाही, आणि मधेच वादळ! अशा वेळी ती कायद्याच्या दृष्टीने उघड्यावर असते. घर पडायच्या आधीपासूनच असते, फक्त ते वादळात दिसते.

आमच्या मिरजोळ्याहून मिरकरवाडा बंदर लांब नाही. वसाहतीतल्या मासळीच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायकांत खलाशांच्या घरच्याही असतात. समुद्रात गेलेला माणूस कधी कधी परत येत नाही, आणि त्याचा देहही हाती लागत नाही. मग त्या घरात जे सुरू होते त्याला शोक म्हणता येत नाही आणि आशाही म्हणता येत नाही. कायदा म्हणतो, सात वर्षे ज्याची काही खबर नाही तो हयात आहे असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे. म्हणजेच सात वर्षांच्या आत तो मेला असे म्हणायचे असेल तर पुरावा बायकोने आणायचा. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम होते, आणि २०२४ च्या जुलैपासून जो नवा साक्ष अधिनियम लागू झाला त्यातही ते आले आहे. समुद्राच्या तळाचा पुरावा ती कुठून आणणार? तोवर मृत्यूचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून विमा नाही, बँकेतल्या पैशाला हात लावता येत नाही, विधवेचे निवृत्तिवेतन नाही. कुंकू लावावे तर शेजारी बघतात, पुसावे तर सासू रडते.

काश्मीरमध्ये अशा बायकांना एक नावच पडले आहे, अर्ध-विधवा. नव्वदच्या दशकात ज्यांचे नवरे घराबाहेर पडले आणि परतले नाहीत, कुणी नेले तेही कळले नाही, अशा त्या बायका. तिथेही हाच सात वर्षांचा हिशेब. पुनर्विवाह करावा की नाही यावर धर्मपंडितांचे एकमत नव्हते. अखेर २०१३ च्या डिसेंबरात तिथल्या उलेमांनी चार वर्षांनंतर पुनर्विवाहाला हरकत नाही असे सांगितले. तोपर्यंत कितीजणींचे वय निघून गेले होते. कुपवाड्याची बाई आणि मिरकरवाड्याची बाई एकमेकींना कधी भेटणार नाहीत, पण तहसील कचेरीत दोघींना विचारला जाणारा प्रश्न एकच आहे.

आणि यावर उपायच नाही असेही नाही. २०१३ च्या उत्तराखंडातल्या महापुरात हजारो यात्रेकरू बेपत्ता झाले तेव्हा सात वर्षे न थांबता चौकशी करून, हरकती मागवून मृत्यूची नोंद करण्याची खास पद्धत आखली गेली. २०२१ साली चमोलीच्या दुर्घटनेनंतरही तेच केले. सरकारच्या मनात आले की सात वर्षांचे काही महिने होऊ शकतात. मोठ्या आपत्तीत, जिथे दूरचित्रवाणीचे कॅमेरे पोहोचतात तिथे ते मनात येते. एका होडीसाठी येत नाही, एवढाच फरक.

कुपवाड्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. याच जिल्ह्यात २००२ साली अधिक कदम या मराठी तरुणाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अनाथ मुलींसाठी 'बसेरा-ए-तबस्सुम' नावाचे घर सुरू केले. परका माणूस, परकी भाषा, त्यातून मुलींचे वसतिगृह. संशय दोन्ही बाजूंनी आला असणार. तरी त्यांची 'बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशन' ही संस्था टिकली, आणखी घरे उभी राहिली, मुली शिकल्या. मुलग्यांची सोय कुणी ना कुणी करतो, मुली घरातल्या घरात नाहीशा होतात, हे ओळखून त्यांनी मुलींपासून सुरुवात केली, हे मला विशेष वाटते.

ही ओळख मराठी माणसाला नवीन नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी पंडिता रमाबाईंना ती होती. १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होते, त्यांचे आई-वडील दुष्काळातच गेले होते. मदतकेंद्रांच्या आसपास पोरक्या मुलींना आणि तरुण विधवांना हेरणारी माणसे फिरत आहेत, हे त्यांनी पाहिले आणि शेकडो मुलींना घेऊन त्या परतल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता, म्हणून केडगावच्या माळावर वस्ती केली. तीच पुढे 'मुक्ती'. तिथे मुली नुसत्या जेवल्या नाहीत. विणकाम शिकल्या, छापखाना चालवू लागल्या, शेती करू लागल्या. प्लेगच्या इस्पितळात बायकांची जी हेळसांड होत होती तिच्यावर रमाबाईंनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले, आणि सरकारला त्याची दखल घ्यावी लागली. धर्मांतराच्या वादात आपण रमाबाईंचे इतके काही हरवून बसलो की आपत्तीतल्या स्त्रीचा वेगळा विचार करणारी आपल्याकडची ही पहिली मोठी बाई, हे सांगायचेच राहून गेले.

सैनिकांच्या घरांबद्दलही एक सांगायलाच हवे. सातारा, कोल्हापूर, सांगली आणि आपला रत्नागिरी जिल्हा, इथून पिढ्यान्‌पिढ्या माणसे लष्करात जातात. वीरपत्नी हा शब्द आपण फार आदराने उच्चारतो, व्यासपीठावर बोलावून साडी-चोळी देतो. पण शौर्यपदकाबरोबर मिळणारा मासिक भत्ता त्या वीरपत्नीने पुन्हा लग्न केले तर बंद होत असे. दिराशी लग्न केले तर मात्र चालू राही! २०१७ च्या नोव्हेंबरात संरक्षण खात्याने ही अट काढून टाकली. स्वातंत्र्यानंतर ७० वर्षे ती अट कागदावर होती. पैसा घरातच राहावा, आणि बाईही.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती पोहोचवून गावे झोपली होती, आणि पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादची जमीन हलली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. दगडामातीच्या जाड भिंती आणि वर हात-हात मातीचे माळवद, त्याखाली कुटुंबेच्या कुटुंबे गाडली गेली. मदत धो धो आली. ५२ गावे नव्या जागी वसवायचे ठरले, आणि त्याखेरीज ज्या घरांना तडे गेले होते त्यांची दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे होते. जागतिक बँकेचे कर्ज, सरकारचे अनुदान, अभियंत्यांचे नकाशे, सगळे होते. अडले कुठे, तर गावकऱ्यांचा दुरुस्तीवर विश्वास नव्हता. दगडी घरात पुन्हा झोपायची भीती होती, आणि अभियंत्याची भाषा कुणाला कळत नव्हती.

तेव्हा प्रेमा गोपालन आणि त्यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग'ने एक साधी गोष्ट सुचवली. गावोगावची महिला मंडळे जागी करा आणि त्यांतल्या बायकांना 'संवाद सहायक' नेमा. सुमारे १३०० गावांत हे घडले. पदर डोक्यावरून न ढळू देणाऱ्या बायका घरोघर फिरून भिंतीत आरपार दगड का बसवायचे, माळवदावरची माती कमी का करायची, लाकडी खांब-तुळयांना तिरके आधार का द्यायचे हे समजावू लागल्या. अनुदानाचा कुठला हप्ता कधी येणार, सिमेंट किती लागणार, गवंडी काम नीट करतो की नाही, सगळे त्या बघू लागल्या. सुरुवातीला गवंडी हसले. नवरे रागावले. 'बाईला भिंतीतले काय कळते?' हे तर ठरलेलेच. पण त्या भिंतींच्या आत दिवसाचे वीस तास जी राहते तिला त्या भिंती जास्त कळतात, हे हळूहळू मान्य झाले. आणि दुरुस्तीच्या निमित्ताने जी बाई तहसील कचेरीची पायरी चढली ती पुढे बचतगटाच्या, रेशनच्या, पाण्याच्या कामासाठीही चढू लागली.

एवढ्यावर संपले असते तरी पुष्कळ होते. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायका तिकडे गेल्या. गुजराती येत नव्हते. हातवारे करून, भिंतीला हात लावून त्यांनी तिथल्या बायकांना सांगितले, की यादी लागली की आधी आपले नाव बघा आणि घर बांधताना तिथे उभ्या राहा. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही लातूरचा हा अनुभव पोहोचला. प्रेमाताई २०२२ साली गेल्या. त्यांच्या जाण्याची जितकी बातमी व्हायला हवी होती तितकी झाली नाही, असे मला तरी वाटले.

किल्लारीत सगळे गोमटे होते असे मात्र समजू नका. नुकसानभरपाईचे पैसे आणि विधवा सून यांच्या मध्ये सासरची माणसे उभी राहिल्याच्या कथा त्या भागात आजही ऐकायला मिळतात. करोनाच्या साथीत तेच पुन्हा दिसले. केंद्र सरकारने ५० हजार रुपये जाहीर केले, राज्याने २०२१ साली 'मिशन वात्सल्य' सुरू केले, पण हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या एकल महिला पुनर्वसन समितीला तालुक्या-तालुक्यात जावे लागले, कारण तिशी-पस्तिशीच्या त्या बायकांपुढचा पहिला प्रश्न मदतीचा नव्हता. या घरात मला राहू देणार का, हा होता. २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि काही दिवसांत राज्य सरकारने तो सगळ्यांपुढे आदर्श म्हणून ठेवला, हे उत्तमच झाले. मंगळसूत्र राहिले. घरपट्टीच्या पावतीवर नाव कुणाचे, तेही त्याच बैठकीत विचारायला हवे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. संकटात कुटुंब एक असते, त्यात नवऱ्याचे आणि बायकोचे असे वेगळे कशाला काढता? मदत घरात आली म्हणजे झाले. पुष्कळ घरांत ते खरेही आहे. पण चांगल्या घरासाठी नियम लागतच नाही. नियम करायचा तो वाईट वेळेसाठी. आणि सरकारलाही हे कळते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात मदतीचे किमान निकष ठरवताना विधवा आणि अनाथांसाठी खास तरतूद करा असे लिहिले आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातल्या थोरल्या बाईला कुटुंबप्रमुख केले. महाराष्ट्रात २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, त्यामुळे कितीतरी नवऱ्यांना एकाएकी बायकोची आठवण झाली. सवलतीसाठी का होईना, होऊ दे. तांदळाच्या कार्डावर ती प्रमुख, नव्या फ्लॅटवर ती मालकीण, आणि वडिलोपार्जित घर पडल्यावर पंचनाम्यात मात्र 'अमक्याची पत्नी', ही विसंगती आता तरी खटकायला हवी.

हे काम वादळ आल्यावर करायचे नसते, तेव्हा वेळ नसतो. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती चळवळीने नव्वदच्या सुमारास हजारो शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली, ती काही दुष्काळ पडला म्हणून नव्हे. ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदीत, आठच्या नमुन्यात, पती-पत्नी दोघांची नावे लावता येतात. त्याला कोर्टकचेरी लागत नाही. वारसतपासात सुनेचे आणि मुलींचे नाव राहिले असेल तर ते लावून घेता येते. बंदरावर कोण कोण खलाशी कुठल्या होडीवर गेला याची नोंद आणि त्याच्या घरच्या बाईचे नाव एकत्र राहिले, तर एखाद्या वाईट दिवशी तिला सात वर्षे पुरावा शोधावा लागणार नाही.

कोकणात याला एक सोयीचा महिना आहे. १ मेची ग्रामसभा असते, आणि ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी असा कायदाच आहे. ती कागदोपत्री उरकली जाते, ती खरोखर भरवली पाहिजे. त्याच दिवसांत चाकरमानी आंबे खायला गावी आलेले असतात. सातबाऱ्यावरच्या पंधरा-वीस नावांतले निम्मे लोक एका वाडीत, एका ओटीवर सापडायचे ते याच दिवसांत. संमतीपत्रे, वारसाचे अर्ज, सगळ्यांच्या सह्या तेव्हाच होतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते मुंबईला परत जातात, आणि इकडे पाऊस लागतो.